मागच्या खोलीत कोणी गेलं नाही

“नेट स्लो असेल हो काकू.” हे वाक्य मी एकदा खुर्चीवर आरामात बसून, हातात चहाचा कप धरून म्हटलं होतं. परवा आमच्या स्टाफरूममध्ये कोणाच्या तरी मोबाइलवरचा व्हिडिओ अडकला, तर तिघांनी एका सुरात तेच म्हटलं, आणि मला इतका राग आला की जेवणाचा डबा अर्धवट बंद करून मी बाहेर निघून गेले. त्यांना कारण कळलं नाही. कारण सांगायचं तर द्वारकाकाकूंबद्दल सांगावं लागेल.

कारंज्यात मानोरा रोडला घरं संपतात आणि भाजीची वावरं सुरू होतात, तिथं मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. ज्युनिअर कॉलेजात कंप्युटर शिकवायचे. रस्त्यापलीकडे काकूंचं आणि नारायणकाकांचं घर, मागे दीड एकर ओलीत. वांगी, भेंडी, मेथी, पालक. मी नगरकडची. पहिल्याच दिवशी कोथिंबीर मागितली, तर काकू म्हणाल्या, “सांबार म्हना, मॅडम. कोथिंबीर म्हनलं का भाव वाढते.” आणि मूठभर सांबार पिशवीत टाकून वळल्यासुद्धा. उंच, हाडकुळ्या, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि कमरेला लाल चिंध्यांची एक गुंडाळी. त्या चिंध्या कशाच्या, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्यांचा एक शब्द होता, ‘काहून’. म्हणजे ‘का’. पण आपण ‘का’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे जातो, तसं त्यांचं नव्हतं. त्या विचारून थांबायच्या. गिरणीवाल्यानं एकदा सांगितलं, दळण उद्या मिळेल. “काहून?” लाइट नव्हती. “काहून? माह्या घरी त होती.” पट्टा तुटला होता. “काहून? परवाच नवा टाकला न?” शेवटी तो बिचारा म्हणाला, “मावशी, खरं सांगू का, मी दुपारी झोपलो होतो.” काकू लगेच म्हणाल्या, “मंग असं म्हन न. झोप त सगळ्यायलेच लागते.” आणि निमूट घरी आल्या. खऱ्या उत्तरावर त्या कधी भांडल्या नाहीत. खोट्या उत्तराचा मात्र त्यांना मनस्वी संताप यायचा.

बाजारात दोघं एकत्र बसायचे. पिकवायच्या काकू, विकायचे काका. काकांचा आवाज मोठा, गोड आणि न थकणारा. भाजीबाजाराच्या तोंडाशी उभं राहिलं तरी नारायणराव आज काय घेऊन आलेत ते ऐकू यायचं. दोघांचं भांडण ठरलेलं असायचं, आणि ते भेंडीवरून. गिऱ्हाइकं भेंडी कोवळी आहे की निबर हे बघायला टोक मोडतात. घ्यायची पाव किलो आणि मोडायच्या दहा. काकूंना ते सहन व्हायचं नाही. “काहून मोडता, बाई? मोडलेली तुमी घरी नेता का? मंग मी कोनाले विकू?” बाई ओशाळायची, आणि काका मध्ये पडायचे. “मोडू दे व. घरी जाऊन त्यायले बोलनं खा लागते. मोडा ताई, आनखी एक मोडा.” काकू त्यांच्याकडे अशा बघायच्या की मोडलेली भेंडी बरी. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

चिंध्यांचं सांगते. एका उन्हाळ्यात वांग्याची शेवटची ओळ सुकायला लागली. मी पुस्तकी माणूस. म्हटलं, काकू, औषध मारून पाहा. त्या म्हणाल्या, “झाड सुकलं त झाडाच्या तोंडाकडं पाहून काय होते? पान्याच्या मांगं मांगं जा लागते.” मग त्या उलट्या टोकाला, थेट मोटारीपाशी गेल्या. मोटर पाहिली, एक चिंधी बांधली. फिल्टर उघडून धुतला, दुसरी चिंधी. मोठा पाइप हातानं चाचपत चालल्या, तिसरी. “चिंधी बांधली म्हंजे अठपर्यंत मी सोता पायलं. कोनी सांगतलं म्हनून नाई.” शेवटी बांधाजवळ खारीनं कुरतडलेली ठिबकची नळी सापडली. वांग्याला औषधाची गरज नव्हती. मी तिथं उभी राहून मान डोलावली होती, आणि त्यातून काहीएक शिकले नव्हते.

खारी आणि उंदीर हे त्यांचे जन्माचे शत्रू. उन्हाळ्यात ते पाण्यासाठी नळ्या चावतात, वायरी चावतात. म्हणून काकूंकडे कामाच्या प्रत्येक वस्तूवर तेलाचा रिकामा पिपा उलटा घातलेला असायचा. मोटारीच्या स्टार्टरवर पिपा, फिल्टरवर पिपा, बियाण्याच्या पिशव्यांवर पिपा. पत्र्याला उंदराचे दात लागत नाहीत. मला ही युक्ती फार आवडली होती आणि मी तसं त्यांना म्हटलंही होतं.

दसऱ्याच्या सुमारास काकांना लकवा मारला. अकोल्याच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा होता, एका बाजूचं दिसत नव्हतं, आणि त्या एवढ्या मोठ्या आवाजात एकच शब्द उरला होता: ‘बरं’. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. दुखलं तरी बरं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडातून ‘बरं’. जन्मभर प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणाऱ्या बाईला आता दिवसभर एवढंच उत्तर मिळत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. त्या नागपूरला. आठवड्यातून तीन दिवस व्हिडिओ कॉलवर धडा घ्यायच्या आणि बाकीच्या दिवसांसाठी शिकवणीचे व्हिडिओ पाठवायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी काकूंना बजावलं होतं की सुरुवातीचे महिने फार मोलाचे, गेले की परत मिळत नाहीत. “त्यांना माझे ओठ दिसू द्या आणि आवाज ऐकू द्या, दोन्ही एकदमच.” काकांना मोबाइलवरचे ओठ हरभऱ्याएवढे दिसायचे, तेही अर्धेच. म्हणून मोबाइलचं चित्र समोरच्या खोलीतल्या टीव्हीवर घ्यायचं ठरलं. दिवाळीच्या आत घरात नेट आलं. नेटवाल्यानं मागच्या खांबावरून वायर ओढली. पुढच्या खोलीपर्यंत आणायची तर दोन भिंतींना भोकं पाडावी लागली असती; त्याला जेवायची घाई होती. मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांवर एक फळी होती, तिच्यावर त्यानं ती नेटची डबी ठेवली. दिवे लागले, तो गेला.

आणि मग चार महिने जे चाललं त्याला काय म्हणावं, मला कळत नाही. नागपूरच्या मॅडम म्हणायच्या, “पा.” आवाज मोबाइलमधून लगेच यायचा. टीव्हीवरचे ओठ तेव्हा मिटलेले असायचे. आवाज विरून गेल्यावर ते सावकाश उघडायचे, कधी अर्ध्यातच थिजायचे, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर ती गोल चक्री फिरत बसायची. काका बिचारे ओठ पाहून तोंड उघडायचे, तोवर मॅडम पुढच्या अक्षरावर गेलेल्या. “नाही नारायणराव, आता मा. मा म्हणा.” काका थांबायचे, गोंधळून काकूंकडे पाहायचे आणि म्हणायचे, “बरं.”

“आवाज पुढं पयते अन ओठ मांगून येते,” काकू मला बोलवायला आल्या तेव्हा म्हणाल्या. “मानूस बोलाले शिकन कसा? तुमी कंप्युटरच्या मॅडम, तुमी पाहा.”

मी गेले. टीव्ही बंद करून चालू केला. मोबाइलमधलं काय काय बंद केलं. विचारलं, “राउटर कुठे ठेवलाय?” काकू म्हणाल्या, “मांगच्या खोलीत. चांगला झाकून ठेवला.” मी म्हटलं, छान. चहा आला. चहाचा घोट घेऊन मी ते वाक्य म्हटलं.

“काहून?” काकूंनी विचारलं.

“इकडे असंच असतं हो. थोडं मागेपुढे होतंच.”

“इकडं म्हंजे?”

मी हसले. चहा संपवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना नेटवर्कचा धडा शिकवला. परीक्षेला येणारा प्रश्नही लिहून दिला. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काकूंनी तक्रार केली म्हणून नेटवाला आला. तोही समोरच्याच खुर्चीवर बसला. मोबाइलवर काहीतरी बोटं फिरवली आणि म्हणाला, “आमच्याकडून लाइन ओके आहे. तुमचा टीव्ही जुना हाय, अन प्लॅन छोटा. मोठा टाकू का?” काकू पाणी आणायला आत गेल्या होत्या. त्यानं काकांनाच विचारलं, “टाकू न काका?” काका म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवसापासून मोठा प्लॅन सुरू. ओठ मागचे मागेच.

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी ऑटो बोलावला, काकांना धरून त्यात बसवलं आणि मला म्हणाल्या, “तुमी बी चाला. साक्षीले.” नेटवाल्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. काकूंनी काकांना त्याच्याच खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांसमोर काकांना मोठ्यानं विचारलं, “अहो, या भाऊचं दुकान आपल्या नावावर करून घ्याचं का?”

“बरं,” काका म्हणाले.

“घ्या. हो म्हनलं त्यायनं.” काकूंनी हात पुढे केला. “आन चावी.”

गिऱ्हाइकं हसली. नेटवालाही हसायला लागला, तर काकू कडाडल्या. “हसू नोको. ज्या मानसापाशी एकच शब्द हाय, त्याचा तो बी तू चोरला. बायकोले इचाराले काय झालतं तुले?” त्यानं माफी मागितली, प्लॅन पूर्वीसारखा केला, आणि परत बघायला येतो म्हणाला. आलाही. पुन्हा समोरच्या खुर्चीवर बसला, पुन्हा म्हणाला, आमच्याकडून ओके आहे.

तिसरा शहाणा म्हणजे काकांचा पुतण्या, पुण्याला मोठ्या कंपनीत. त्याला मी स्वतः फोन लावून दिला. फोन स्पीकरवर होता हे त्याला माहीत नव्हतं. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेताय? काकूला यातलं काही समजणार नाही. आणि खरं सांगू, काका आता काय बोलणार आहेत? बरं बरं करतायत ना, सुखी आहेत.” काकू तिथंच पालकाच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, “राजा, तुले बोबडं बोलताना र आला नाई पाच वर्साचा होईपर्यंत. तुह्या काकानं वावरात खांद्यावर घेऊन शिकवला. सुखी राह्य.” आणि फोन बंद केला. मग बराच वेळ त्या जुड्या बांधत राहिल्या, एकेक जुडी नको तेवढी घट्ट.

मला संताप कशाचा येतो, ते सांगते. सिनेमा पाहणाऱ्याचा सिनेमा अडकला तर सारं घर उठून बसतं. क्रिकेटचा सामना अडकला तर नेटवाल्याचा फोन वाजून वाजून गरम होतो. आणि एक माणूस तोंडात शब्द परत आणायला धडपडतोय, त्याला आम्ही तिघं शिकलेली माणसं सांगतोय की थोडं मागेपुढे होतंच. टीव्ही जुना, गाव लहान, बाई अडाणी, माणूस म्हातारा. म्हणजे दोष सगळा त्यांचाच. आम्ही फक्त चहा प्यायला आलो होतो.

होळीच्या आधी नागपूरच्या मॅडमचा फोन आला. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी स्पष्ट सांगितलं. चार महिन्यांत काही फरक दिसत नाही, नारायणराव आता प्रयत्नही सोडताहेत. पुढच्या महिन्यापासून ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. ते खरंही होतं. टीव्ही लागला की काका आताशा भिंतीकडे तोंड करायचे. रोज चुकायचं, रोज ‘नाही नारायणराव’ ऐकायचं, याचा त्यांना कंटाळा आला असणार. कोणालाही आला असता.

त्या रविवारी दुपारी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. कमरेची चिंध्यांची गुंडाळी हातात होती.

“मॅडम, चार महिन्यांपासून आपन सुकलेल्या झाडाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. चाला माह्यासंग. याची मोटर कोनती?”

“राउटर,” मी म्हटलं.

“मंग तठूनच सुरू करू.”

मागच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. कांद्याचा वास, कोपऱ्यात फवारणीचा पंप, बियाण्याच्या पिशव्यांवर पिपे, आणि पोत्यांवरच्या फळीवर आणखी एक पिपा. काकूंनी नागपूरच्या मॅडमचा एक व्हिडिओ मोबाइलवर लावला आणि मोबाइल फळीला टेकवून धरला. टीव्ही नाही, मध्ये भिंत नाही, तरी मॅडमचे ओठ अर्धे उघडून थिजले. चक्री फिरायला लागली.

“मोटारीपाशीच दाब नाई,” काकू म्हणाल्या.

आणि मी, कंप्युटरची मॅडम, विजयानं म्हटलं, “म्हणजे लाइनच स्लो आहे. मी म्हणत होते ना.”

“थांबा न बापा. फिल्टर पाहाचा हाय.” असं म्हणून डबीचे दिवे बघायला त्यांनी फळीवरचा तो पिपा उचलला.

“पा,” मॅडम म्हणाल्या. स्वच्छ. “पा. पाणी. पा.” ओठ उघडत होते, मिटत होते, आवाजाच्या बरोबर.

काकूंनी पिपा परत ठेवला. ओठ थांबले. उचलला. “मा. मामा.” ठेवला. चक्री. उचलला. तीन वेळा पाहून झाल्यावर काकूंनी सवयीनं गुंडाळीतून चिंधी काढली, पण बांधली नाही. त्या कांद्याच्या पोत्यावर बसल्या, पिपा मांडीवर.

“उंदरायच्या भेवानं ठेवला मी. ज्या दिवशी डबी बसवली, त्याच दिवशी.” मग म्हणाल्या, “म्हंजे चार महिने मीच त्यायच्या तोंडावर पिपा घालून बसली.”

“तुमची चूक नाही, काकू.”

“मंग कोनाची?”

हे त्यांनी समजूत घालून घ्यायला विचारलं नव्हतं. त्यांना खरं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “आमची. पत्र्यातून हे नीट बाहेर येत नाही, हे मला माहीत होतं. नेटवाल्यालाही माहीत होतं. तुम्ही झाकून ठेवलाय म्हणून मला सांगितलंही होतं. आमच्यापैकी कोणी उठून मागच्या खोलीत आलं नाही.”

“काहून?”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. गिरणीवाल्याला खरं उत्तर सापडलं होतं, मला सापडेना. आज सांगते. आम्ही अंगणात पाय ठेवायच्या आधीच ठरवून आलो होतो की इथं काही नीट चालणार नाही. ज्या घरातून काही अपेक्षाच नसते, त्या घराची मागची खोली कोण बघतो? त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून एवढंच म्हणू शकले, “बसल्या जागी उत्तर माहीत होतं असं वाटलं म्हणून.” काकूंनी ते घेतलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी पिपा अंगणात नेऊन असा आपटला की बांधावरची कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः पहारीनं दोन्ही भिंतींना भोकं पाडली. उरलेल्या पीव्हीसी पाइपातून वायर पुढच्या खोलीत घेतली, म्हणजे उंदीर नको. वायर जोडायला नेटवाल्याला बोलावलं. तो सवयीनं खुर्चीकडे वळला, तर काकूंनी त्याला अडवलं. “नाई. पयले अठी या. ही आमच्या घरची मांगची खोली. नीट पाहून घ्या.” फळी दाखवली, पिपा दाखवला. त्याचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. माझाही असाच उतरला असणार. डबी आता टीव्हीशेजारी बसली, आणि तिच्यावर काकूंनी बांबूची टोपली पालथी घातली. “हवा बी जाते अन नेट बी.” नागपूरच्या मॅडमना त्यांनी फोन करून सगळं सांगितलं, चूक आपलीच असं सांगितलं, आणि दोन महिने मागून घेतले. टीव्हीवरच थेट व्हिडिओ लावायची सोय मी करून दिली. साऱ्या प्रकरणात माझं कर्तृत्व तेवढंच.

ओठ आणि आवाज एकत्र आले त्या दिवशी काका भिंतीकडून वळले. बघत राहिले. दहा-बारा दिवसांनी ‘पा’ आला. मग ‘मा’. चैत्रात ‘पानी’ आणि ‘च्या’. पण हे सगळं टीव्हीसमोर, मॅडमच्या मागोमाग. टीव्ही बंद झाला की काका पुन्हा ‘बरं’. मॅडमनी सांगितलं की मागून म्हणणं वेगळं आणि आपणहून बोलणं वेगळं. ते कदाचित येईल, कदाचित नाही. चार महिने उशीर झालाय. काकू दिवसभर काकांशी बोलायच्या, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ मोठे करून. वांग्याबद्दल, उंदरांबद्दल, माझ्याबद्दल. अधूनमधून ‘काहून?’ विचारायच्या आणि थांबायच्या. उत्तर येत नसे.

मे महिन्यात माझी बदली झाली. सामान टेम्पोत भरून झालं आणि मी निरोप घ्यायला बाजारात गेले, कारण त्या वेळी काकू घरी सापडणं शक्य नव्हतं. त्या ठरलेल्या जागी होत्या. काकांनाही आता रोज आणायच्या. खोक्यावर गोणपाट टाकून त्यांना शेजारी बसवलेलं, उजवा लुळा हात मांडीवर. पूर्वी जिथून आवाज ऐकू यायचा तिथून आता नुसता तराजूचा आवाज येत होता. मी बोलायला लागणार, तेवढ्यात एक बाई भेंडीच्या ढिगापाशी वाकली. एक उचलली, टोक मोडलं, टाकली. दुसरी मोडली, टाकली. काकूंचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता ऐका.

“काहून,” आवाज आला. जाड, अडखळत, पण मोठा. “काहून... मोडता?”

काकू नव्हत्या बोलल्या. काकूंचं तोंड तसंच उघडं होतं. काका त्या बाईकडे पाहत होते, भुवया आक्रसून, चांगलेच रागावलेले. अगदी काकूंसारखे.

बाई दचकली. “चुकलं काका,” म्हणत हात मागे घेतला आणि निघायला लागली. काकूंच्या हातातला तराजू खाली गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकांकडेही नाही. घाईघाईनं पुढे वाकून त्या बाईचा पदर धरला आणि ढिगातली सगळ्यांत कोवळी भेंडी तिच्या हातात दिली.

“मोडा ताई,” त्या म्हणाल्या. “आनखी एक मोडा.”